गोलंदाजाची संहिता : मराठ्यांच्या चाकरीतील दोन आयरिश आणि मराठी युद्धकथनातील एक मौन

१

‘गोलंदाज’ हा शब्द आज मराठीत क्रिकेटच्या मैदानावर नांदतो. वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांनी तो इतका आपलासा केला आहे की, फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ तोफेचा गोळा डागणारा सैनिक असा होता, हे मुद्दाम सांगावे लागते. शब्दाच्या या स्थलांतरात एक सांस्कृतिक विस्मरण दडलेले आहे. शिलेदार, बारगीर, राऊत हे शब्द मागे पडले तरी मराठी मनात त्यांचे वीरवलय कायम राहिले. पोवाड्याने, बखरीने आणि पुढे ऐतिहासिक कादंबरीने घोडेस्वाराला नायकपद दिले. तोफेमागे उभा राहणारा, काजळीने माखलेला, पगाराच्या थकबाकीसाठी धरणे धरणारा माणूस मात्र वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. त्याचे नाव खेळाडूला मिळाले आणि त्याची कथा कोणालाच मिळाली नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी सत्तांच्या लष्करात तोफखान्याचे महत्त्व सतत वाढत गेले. पेशव्यांच्या तोफखान्याचा कारभार पानशांच्या घराण्याकडे होता. महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी आग्र्यात तोफा ओतल्या जात होत्या आणि त्या कामावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर होता. या व्यवस्थेचे कागद आहेत, हिशेब आहेत, तोफांची नावेही आहेत. नाही ती या व्यवस्थेच्या आत वावरणाऱ्या माणसाने स्वतःच्या अनुभवाला दिलेली संहिता. जी थोडीफार आहे ती परक्यांची आहे. त्या परक्यांपैकी दोघे आयर्लंडमधून आलेले होते : पुण्यात पेशव्यांच्या चाकरीत असलेला विल्यम हेन्री टोन आणि शिंद्यांचा सरदार आप्पा खंडेराव याच्या पदरी राहून पुढे हांसीचा राजा होऊन बसलेला जॉर्ज टॉमस. पहिल्याने मराठ्यांच्या लष्करी व आर्थिक व्यवस्थेवर एक दीर्घ पत्र लिहिले. दुसऱ्याचे चरित्र त्याच्या तोंडून ऐकून दुसऱ्याच एका माणसाने लिहिले. इतिहासकारांनी या दोन्ही लेखनांतून माहिती उचलली. ती कोण, कोणासाठी, कोणत्या भाषेत आणि कोणाचे मीठ खाऊन सांगत आहे, हे प्रश्न मात्र बाजूला पडले. साधनचिकित्सेच्या नावाखाली तपशिलांची सत्यासत्यता तपासली गेली. कथनाची तपासणी झाली नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे कथन आहे.

२

आयरिश माणूस मराठ्यांच्या तोफखान्यापाशी कसा पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर व्यक्तींच्या साहसी स्वभावात शोधण्याची पद्धत जुनी आहे. हर्बर्ट कॉम्प्टनने १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून अशा माणसांना ‘लष्करी साहसवीर’ म्हणण्याचा प्रघात पडला. ही संज्ञा वरकरणी निरुपद्रवी वाटली तरी तिने एक संपूर्ण आर्थिक-राजकीय प्रक्रिया व्यक्तिगत धाडसात विरघळवून टाकली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर घातलेल्या कायदेशीर निर्बंधांमुळे त्यांना लष्करातील अधिकारपदे बंद झाली होती. यांपैकी बरेच निर्बंध १७९३ मध्ये शिथिल होईपर्यंत तेथील किती तरी तरुणांनी फ्रान्स, स्पेन, ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांत चाकरी पत्करली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैनिकभरतीत जवळजवळ निम्मे लोक आयरिश होते आणि कंपनीच्या गोऱ्या शिपायांचा एक मोठा भाग तोफखान्यातच असे. देश पोसत नाही म्हणून देशावर राज्य करणाऱ्याच्याच किंवा त्याच्या शत्रूच्या सैन्यात जाणे, ही आयरिश स्थलांतराची नित्याची वाट होती.

डर्क कोल्फ या डच इतिहासकाराने १९९० च्या आपल्या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानातील ‘लष्करी श्रमबाजारा’ची संकल्पना मांडली. शेतकऱ्याचा मुलगा हंगामापुरता शिपाई होतो, ज्याच्याकडे पगार त्याच्याकडे जातो, आणि या जाण्यायेण्यात त्याला प्रतारणा वाटत नाही, असे त्या बाजाराचे स्वरूप होते. मराठीतील ‘चाकरी’ हा शब्द याच जगातला आहे. आयरिश स्थलांतरित या बाजारात उतरला तेव्हा तो अपवाद नव्हता. रोहिले, अरब, पुरभय्ये आणि गारदी यांच्या रांगेतच तो उभा राहिला. त्याला ‘साहसवीर’ आणि त्यांना ‘भाडोत्री’ म्हणणे हा भाषेनेच केलेला पक्षपात आहे.

या बाजारातील धागे किती दूरवर गुंतलेले होते, याचे एक उदाहरण पानिपताच्या पूर्वपीठिकेत सापडते. १७५८ मध्ये फ्रेंचांचा सेनापती म्हणून आलेला काउंट लाली हा आयरिश निर्वासिताचा मुलगा. त्याने दख्खनमधून बुसीला परत बोलावले. बुसीने तयार केलेल्या कवायती पायदळाला आणि तोफखान्याला त्यामुळे नवे धनी शोधावे लागले. त्या परंपरेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी प्रथम निजामअलीकडे आणि नंतर सदाशिवरावभाऊंकडे आला. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याची धुरा त्याच्याकडे होती. कारणांची ही साखळी सरळ नाही. तरीही ‘परकीय’ आणि ‘मराठी’ अशा ज्या कप्प्यांत हे युद्ध मांडले जाते ते कप्पे त्या काळाच्या अनुभवाशी जुळत नाहीत, एवढे तिच्यावरून दिसते.

३

विल्यम टोनचे चरित्र त्याच्या थोरल्या भावाच्या छायेत झाकोळले गेले आहे. थिओबाल्ड वुल्फ टोन हा १७९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमन’ या संघटनेचा एक प्रणेता. फ्रेंच गणवेशात पकडला जाऊन १७९८ च्या नोव्हेंबरात तो तुरुंगात मरण पावला, आणि आयरिश प्रजासत्ताकवादाचा आद्य हुतात्मा ठरला. या वुल्फ टोनच्या आत्मवृत्तात एक उद्बोधक हकीकत आहे. तरुणपणी, लंडनमध्ये पैशाची चणचण असताना, तो आणि विल्यम हे दोघे भाऊ कंपनीच्या कचेरीत सैनिक म्हणून भरती होण्यासाठी गेले होते. त्या हंगामातील जहाजे निघून गेलेली असल्यामुळे त्यांना परत फिरावे लागले. जहाज मिळाले असते तर आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा हा प्रवक्ता कंपनीचा शिपाई म्हणून हिंदुस्थानात उतरला असता. वसाहतवादाचे बळी आणि वसाहतवादाचे हस्तक यांच्यामधली रेषा किती पातळ होती, हे सांगायला याहून निराळे भाष्य नको.

विल्यमने त्याआधीच वयाच्या सोळाव्या वर्षी घर सोडून कंपनीच्या चाकरीत काही वर्षे सेंट हेलेना बेटावर काढली होती. १७९२ मध्ये तो पुन्हा निघाला, हिंदुस्थानात आला, निजामाच्या फ्रेंच सेनानायकाकडे काही काळ राहिला आणि अखेर पुण्यास पेशव्यांच्या पायदळातील एका पलटणीचा अधिकारी झाला. त्याचे मराठ्यांविषयीचे लेखन मद्रासकडील कंपनीच्या एका अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. मराठ्यांची युद्धपद्धती आणि अर्थव्यवस्था हा त्याचा मुख्य विषय असून १७९६ मधील राजकीय घडामोडींचा वृत्तांत त्यास जोडलेला आहे. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात गादीसाठी जी कारस्थाने चालली त्यांचा तो प्रत्यक्षदर्शी होता. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, हे लेखन कलकत्त्यास पुस्तकरूपाने पुन्हा छापले गेले. सुरेंद्रनाथ सेन यांच्यासारख्या इतिहासकारांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर लिहिताना त्याचा भरपूर आधार घेतला.

या लेखनात टोन मराठी राज्यव्यवस्थेला लष्करी प्रजासत्ताक अशा आशयाची संज्ञा वापरतो. स्वतंत्र सरदारांचा समूह आणि त्यांच्या शिरोभागी पेशवा, असे त्याचे वर्णन आहे. मराठे मुळात कुणबी, धनगर आणि गवळी यांतून आले, म्हणून त्यांच्या राजपुरुषांच्याही वागण्यात साधेपणा आहे, असे तो नोंदवतो. इतिहासकारांनी ही वाक्ये समाजवर्णन म्हणून स्वीकारली किंवा ढोबळ म्हणून नाकारली. ती शब्दयोजना ज्या वर्षांतली आहे त्या वर्षांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. १७९६ च्या डिसेंबरात वुल्फ टोन फ्रेंच आरमारासह आयर्लंडच्या बँट्री उपसागरात प्रजासत्ताकाच्या नावाने उतरू पाहत होता. वादळाने तो बेत उधळला. त्याच काळात त्याचा भाऊ पुण्यात बसून पेशव्यांच्या राज्याला प्रजासत्ताकाची उपमा देत होता. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द तेव्हा थंड राज्यशास्त्रीय शब्द नव्हता. त्याला दारूगोळ्याचा वास होता. कुणबी-धनगरांच्या वंशातून आलेल्या राजपुरुषांच्या साधेपणावर टोनची नजर खिळते ती आयर्लंडमधील सरंजामी जमीनदारी अनुभवलेल्या माणसाची नजर आहे, असे म्हणण्यास बराच वाव आहे.

परंतु एवढ्यावरून त्याला मराठ्यांचा सहानुभूतिशील वाचक ठरवणे घाईचे होईल. मुख्य प्रश्न निवेदकाचा नाही, संबोधिताचा आहे. हे पत्र लिहिले आहे कंपनीच्या अधिकाऱ्याला. वेतन पेशव्यांचे, माहिती कंपनीला, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे सैन्याचा पगार किती आणि किती थकतो, शिपाई धन्याच्या दारी तगादा कसा लावतात, स्वार आपल्या घोड्याला जपून लढाईत का मागे राहतो, हे सारे तपशील एकाच वेळी समाजवर्णनही होतात आणि लष्करी बातमीही होतात. संहितेचे हे दुहेरी मूल्य तिच्या प्रत्येक वाक्याला चिकटलेले आहे. शिलेदाराचा घोडा ही त्याची स्वतःची मालमत्ता, तो मेला तर त्याचे पोटच जाते, हे निरीक्षण एका बाजूने मराठी सैनिकाच्या अर्थकारणाची विलक्षण नेमकी जाण दाखवते आणि दुसऱ्या बाजूने शत्रूला सांगते की येथे घाव घाला. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर अशा लेखनाला सरसकट ‘प्राच्यवादी’ म्हणून निकालात काढण्याची सवय लागली. टोनची संहिता त्या निकालाला पुरती वश होत नाही. तिच्यात पाहणारा स्वतः पगारदार आहे. ज्या थकबाकीचे तो वर्णन करतो तिच्यात त्याचीही बाकी आहे. १८०२ मध्ये होळकरांच्या सैन्यात लढताना तो मारला गेला. त्याचे पत्र मात्र सोळा वर्षांनी विजेत्यांच्या छापखान्यातून ग्रंथ होऊन बाहेर पडले.

४

जॉर्ज टॉमसची गोष्ट याच्या उलट आहे. टोन लिहू शकत होता. टॉमसला लिहिण्यासाठी दुसऱ्याचा हात लागला. टिपररी परगण्यात १७५६ च्या सुमारास जन्मलेला हा खलाशी १७८१-८२ च्या सुमारास मद्रासला जहाज सोडून पळाला, दक्षिणेत भटकत दिल्लीकडे गेला, सरधन्याच्या बेगम समरूच्या चाकरीत शिरला आणि १७९३ च्या सुमारास आप्पा खंडेरावाकडे आला. लोक त्याला ‘जहाजीसाहेब’ म्हणत. १७९७ मध्ये आप्पा खंडेरावाने यमुनेत जीव दिल्यावर टॉमसने हांसी येथे आपले स्वतंत्र ठाणे मांडले. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने त्याला नमवले. इंग्रजी मुलखात जाऊन कलकत्त्याच्या वाटेवर असता २२ ऑगस्ट १८०२ रोजी बेऱ्हामपूर येथे तो मेला. पुढील वर्षी कलकत्त्यास त्याच्या ‘मिलिटरी मेमॉयर्स’चा ग्रंथ निघाला. लेखक होता कंपनीचा एक अधिकारी, विल्यम फ्रँकलिन.

फिलिप लजन या फ्रेंच समीक्षकाने १९७५ मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करारा’ची कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक हे तिघे एकच आहेत, अशी हमी वाचकाला मिळते तेव्हाच आत्मचरित्र सिद्ध होते, असे त्याचे सूत्र आहे. पुढे न लिहिणाऱ्यांच्या आत्मचरित्रांचा विचार करताना त्याला हा करार सैल करावा लागला. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असला की ‘मी’ची मालकी कोणाची? फ्रँकलिनच्या ग्रंथात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण सांगण्याची भाषाही निराळी होती. प्रदीर्घ काळ इंग्रजीपासून दूर राहिल्याने आपली हकीकत फारसीतून सांगणे टॉमसला अधिक सोयीचे वाटत होते, असे फ्रँकलिनने नमूद केले आहे. एक आयरिश माणूस, मराठी सरदाराच्या चाकरीतील आपले जीवन, फारसीत सांगू पाहतो आणि ते छापले जाते इंग्रजीत. यांतली कोणती भाषा त्याची, हे ग्रंथ सांगू शकत नाही. मिखाईल बाख्तीनच्या परिभाषेत बोलायचे तर ही संहिता बहुस्वर आहे. फरक इतकाच की, येथील बहुस्वरता कलावंताने घडवलेली नाही, ती स्थलांतराने लादलेली आहे.

ग्रंथाचे निवेदन मुख्यतः तृतीयपुरुषी आहे. ‘मिस्टर टॉमस’ असे करतो, तसे करतो. परंतु काही मोजक्या ठिकाणी हा पडदा बाजूला होऊन टॉमसचा ‘मी’ अवतरणांत ऐकू येतो. अशा जागांपैकी सर्वांत लक्षणीय जागा हांसीची आहे. तेथे तो टांकसाळ उभारून स्वतःच्या नावाचा रुपया पाडल्याचे, स्वतःच्या तोफा ओतल्याचे, बंदुका आणि दारू तयार करविल्याचे सांगतो. लढायांची वर्णने फ्रँकलिनच्या हातून आली. कारखान्याचे वर्णन मात्र टॉमसच्या तोंडचे राहिले, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जहाजातून पळालेल्या खलाशाला ‘मी’ म्हणण्याचा अधिकार मिळतो तो तोफ ओतण्याच्या क्षणी. त्याच्यापाशी वंश नव्हता, सनद नव्हती, जहागीर दुसऱ्याच्या मेहेरबानीची होती. ओतलेल्या धातूवर मात्र त्याचा स्वतःचा ठसा होता. युद्धाच्या पराक्रमापेक्षा युद्धाच्या श्रमातून उमटलेला हा ‘मी’ आहे. या अर्थाने तो सरदाराच्या बखरीपेक्षा कारागिराच्या आत्मकथनाला जवळचा आहे.

याच उताऱ्याच्या पुढे टॉमस एक आकांक्षा बोलून दाखवतो : अटकेच्या तीरावर ब्रिटिश निशाण रोवण्याची. मराठी वाचकाला येथे थबकावे लागते. अटक हे मराठी स्मृतीतील यशाचे टोक. १७५८ च्या राघोबादादांच्या मोहिमेपासून ‘अटकेपार झेंडे’ हा वाक्प्रचारच झाला. त्याच अटकेवर मराठ्यांच्या चाकरीत वर आलेला एक आयरिश माणूस ब्रिटिशांचे निशाण कल्पितो. हे वाक्य टॉमसचे आहे, की कंपनीच्या अधिकाऱ्याकडे आश्रयास आलेल्या पराभूताने श्रोत्याच्या मनासारखे केलेले बोलणे आहे, की लेखणी हाती असलेल्या फ्रँकलिनने त्याला दिलेली झळाळी आहे? संहितेच्या आतून याचा निवाडा होत नाही. निवाडा होत नाही हाच या संहितेचा अर्थ आहे. ज्याच्या हाती लेखणी नाही त्याची निष्ठाही लेखणीवाल्याच्या शाईने लिहिली जाते. इंग्रजी राज्याने पिळलेल्या भूमीतून आलेला म्हणून तो इंग्रजी राज्याचा विरोधक असेल, ही अपेक्षा आजच्या वसाहतोत्तर सिद्धांताची आहे. टॉमसच्या संहितेला ती मान्य नाही.

५

टोन व टॉमस आतले निवेदक होते. बाहेरून पाहणाऱ्याने मराठी गोलंदाज कसा रंगवला, हे पाहिल्यावाचून त्यांचे वेगळेपण कळणार नाही. एडवर्ड मूर या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने १७९०-९१ मध्ये धारवाडला घातलेल्या वेढ्याचे वर्णन आहे. मराठे आणि इंग्रज तेव्हा टिपूविरुद्ध एका बाजूला होते. मूरचा मराठी गोलंदाज तोफ भरतो, मग साऱ्यांसह बसून गप्पा मारतो, चिलीम ओढतो, बऱ्याच वेळाने बत्ती देतो, गोळा कोठेही पडून धूळ उडाली की समाधान पावतो आणि दुपारी जेवणासाठी दोन्ही बाजूंच्या संमतीने युद्धच थांबवतो. हा उतारा मराठ्यांच्या लष्करी दुर्बलतेचा पुरावा म्हणून पुनःपुन्हा वापरला गेला आहे.

कथनमीमांसेच्या दृष्टीने पाहता त्यातील युक्ती उघड होते. जेरार झनेतने ज्याला पुनरावर्ती कथन म्हटले, म्हणजे अनेकदा घडलेले एकदाच सांगणे, त्या प्रकारचे हे निवेदन आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या मोर्च्यावर, कोणत्या तोफेबाबत हे घडले ते मूर सांगत नाही. ‘असे चालत असे’ या क्रियारूपाने तो घटनेचे स्वभावात रूपांतर करतो. तोफ तापली की तिला थंड होऊ द्यावे लागते, दारूचा पुरवठा तुटपुंजा असला की ती पुरवून वापरावी लागते, पगार थकलेला असला की हातही जड होतो. मंद माऱ्याला अशी कितीतरी कारणे असू शकतात. पुनरावर्ती कथनात कारणांना जागा नसते. तेथे फक्त सवय दिसते, आणि सवयीतून ‘जात’ ठरते. विनोद हे या युक्तीचे वंगण आहे. हसलेला वाचक कारण विचारीत नाही.

यापुढे बाराच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या सैन्याला शिंद्यांच्या तोफखान्यापुढून जावे लागले. फौज पटवर्धनांची नव्हती, शिंद्यांच्या कवायती कंपूची होती, हा फरक ध्यानात घ्यायलाच हवा. तरीही चित्राचा पालट थक्क करणारा आहे. गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मारले गेले. मेल्याचे सोंग करून पडून राहिलेल्या काहींनी, इंग्रजी फौज पुढे गेल्यावर, उठून तोफा फिरवल्या आणि तिच्या पिछाडीवर मारा केला. वेलस्लीच्या बाजूला मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक माणसे पडली आणि शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हाती लागल्या. वेलस्ली स्वतः डब्लिनमध्ये जन्मलेला होता. आयर्लंडमधून आलेला सेनापती एका बाजूला आणि आयर्लंडमधून आलेल्या पगारदारांनी ज्या लष्करी व्यवस्थेत आयुष्य घातले ती व्यवस्था दुसऱ्या बाजूला, असे हे रणांगण होते. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने, म्हणजे त्याच्याच थोरल्या भावाने, शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांना निवृत्तिवेतनाचे आश्वासन देऊन फोडले. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ मधील ग्रंथाने या फोडाफोडीचे महत्त्व आणि मराठी तोफखान्याची गुणवत्ता या दोन्ही बाबी ठामपणे मांडल्या. मराठ्यांनी गनिमी काव्याचा घोडा सोडून परकी तोफ धरली म्हणून ते बुडाले, हे वेलस्लीच्याच पिढीने प्रचलित केलेले स्पष्टीकरण त्यामुळे डळमळीत झाले.

हे स्पष्टीकरण मराठीतही दीर्घकाळ मुरलेले आहे, हे विशेष. विजेत्याचे मत पराजिताच्या आत्मपरीक्षणात कसे शिरते, याचा हा नमुना आहे. आत्मपरीक्षण म्हणून ते प्रामाणिक असेल, पण त्याची भाषा मूरच्या विनोदातून आणि इंग्रज सेनापतींच्या खलित्यांतून उसनी घेतलेली आहे. असईच्या गोलंदाजाने काय पाहिले, त्याला प्रेतांत पडून राहताना कोणता विचार सुचला, कोणाच्या शब्दावर किंवा कोणत्या रागाने तो उठला, याची एक ओळही मराठीत उतरलेली नाही. त्याची शौर्यकथा त्याच्यावर चालून आलेल्यांनी लिहिली, तीही आपल्या विजयाचे मोल वाढावे म्हणून.

६

मराठीची स्वतःची युद्धकथने या मौनाला कशी सामोरी जातात? ‘भाऊसाहेबांची बखर’ पानिपताकडे पाहते ती मुख्यतः सरदारांच्या मानापमानाच्या आणि दैवगतीच्या चौकटीतून. त्या चौकटीत इब्राहिमखान गारदी येतो तो पगारदार आणि परधर्मी म्हणून संशयाच्या छायेत येतो, आणि शेवटपर्यंत धन्याशी इमान राखल्याने त्या छायेतून बाहेर पडतो. त्याच्या तोफखान्याची रचना, त्याच्या माणसांचे श्रम, दारूगोळ्याची वाहतूक यांत बखरीला रस नाही. बखरीची मूल्यव्यवस्था ‘मीठ’ आणि ‘इमान’ या दोन शब्दांवर उभी आहे. लष्करी श्रमबाजारातील माणसाला या मूल्यव्यवस्थेत प्रवेश मिळतो तो मरण पत्करल्यावरच. जगून दुसऱ्या धन्याकडे गेलेल्या गोलंदाजासाठी तिच्यात शब्द आहे तो फितुरीचा.

बखरीचा हा दोष नव्हे, तिच्या वाङ्मयप्रकाराचा तो धर्म आहे. परंतु विसाव्या शतकातील ऐतिहासिक कादंबरीनेही बहुधा तोच धर्म पाळला, ही खेदाची बाब आहे. तिने पानिपत, खर्डा, असई यांच्याकडे सरदारांच्या तंबूतूनच पाहिले. याला बाजू देणारे एक पुस्तक मराठीत आहे, ते कादंबरी नव्हे आणि त्याचा कर्ता सैनिकही नव्हे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत झाशीचा वेढा शहराच्या आतून पाहिला आणि पुढे अनेक वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पेणजवळच्या वरसईहून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा गरीब भिक्षुक तोही एका अर्थाने पोटासाठी स्थलांतर केलेला माणूस. त्याच्या कथनात तोफेचा गोळा हा पराक्रमाचे प्रतीक नसून घरावर पडणारी वस्तू आहे, पाणी आणायला जाणे अशक्य करणारी वस्तू आहे. युद्धाची ही भौतिकता मराठी गद्यात त्यापूर्वी जवळजवळ नव्हती. टॉमसचा ‘मी’ तोफ ओतताना उमटला, तर गोडसे भटजींचा ‘मी’ तोफेखाली दबताना उमटला. या दोहोंच्या मध्ये, तोफेला बत्ती देणाऱ्याची जागा रिकामीच आहे.

७

ही रिकामी जागा पुणे, आग्रा किंवा झाशी अशा राजधान्यांपुरती मर्यादित नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात ती अधिक ठळकपणे जाणवते. आरमोरी तालुक्यातील वैरागडचा किल्ला, वैनगंगेच्या खोऱ्यातील जुन्या वस्त्या आणि खुद्द चांद्याचा परकोट हा मुलूख गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आणि तेथून इंग्रजांकडे गेला. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या तोफांनी चांद्याच्या तटाला खिंडार पाडले, शहर हल्ला करून घेतले गेले आणि किल्लेदार गंगासिंग मारला गेला. या वेढ्याचा जो वृत्तांत उपलब्ध आहे तो वेढा घालणाऱ्यांचा आहे. तटाच्या आत तोफांवर कोण होते, कोठून आले होते, कोणत्या भाषेत एकमेकांना हाका मारीत होते, याची नोंद त्या वृत्तांताला आवश्यक वाटली नाही. चाळीस वर्षांनी, १८५८ मध्ये, बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिले गेले. गोंड समाजाने त्यांची स्मृती गाण्यांत आणि कथनांत जपली. लेखी वाङ्मयाने दुर्लक्षिलेल्या माणसाला मौखिक परंपरा सांभाळते, याचे हे जवळचे उदाहरण आहे. परंतु तिनेही सांभाळला तो नेता. पगारी गोलंदाज तेथेही निसटला, कारण त्याचे गाव दूर होते आणि त्याच्यासाठी गाणारे कोणी या मुलखात नव्हते. स्थलांतरिताचे मरण दोनदा होते : एकदा रणांगणावर, एकदा स्मृतीत.

तेव्हा टोन आणि टॉमस यांच्या संहितांचे मोल कशात आहे? त्या मराठ्यांविषयी खरी माहिती देतात यात ते काही अंशी आहे, पण तेवढ्यातच नाही. त्या आयरिश असल्यामुळे हिंदी माणसाकडे कनवाळूपणे पाहतात, असेही नाही. आयरिशपणाने टोनला ‘प्रजासत्ताक’ हा शब्द दिला, टॉमसला त्याने तसे काही दिले नाही, आणि वेलस्लीच्या आड तर तो मुळीच आला नाही. जन्मभूमीवरून दृष्टिकोन ठरवण्याची सवय समीक्षेने सोडावी, हा धडा या तीन नावांच्या शेजारणीतून मिळतो. दृष्टिकोन ठरतो तो वेतन कोणाचे, श्रोता कोण आणि लेखणी कोणाच्या हाती, या तीन गोष्टींनी. या दोन संहितांचे खरे मोल असे की, युद्ध हे श्रम आहे, त्याला मजुरी आहे आणि मजुरी थकते, ही गोष्ट त्यांच्यात लपत नाही. शौर्याच्या भाषेने जे झाकले ते चाकरीच्या भाषेने उघडे केले.

मराठी समीक्षेने १९७० नंतर दलित आत्मकथनांच्या निमित्ताने अनुभवाच्या मालकीचा प्रश्न गंभीरपणे विचारला. ज्याने भोगले त्यानेच सांगावे, ही मागणी तिने वाङ्मयीन मूल्य म्हणून मान्य केली. हीच मागणी मागे नेऊन अठराव्या शतकाच्या संहितांना लावली तर इतिहासाची साधने आणि वाङ्मयाच्या संहिता यांच्यामधील भिंत पातळ होते. बखर, पत्र, खलिता, हजेरीपट आणि हिशेबाचा कागद ही सारी कथने होत. हजेरीपटातील एका नावापुढचा थकलेला आकडा हेही एक निवेदन आहे, बहुधा त्या माणसाविषयी उरलेले एकमेव निवेदन. पेशवे दफ्तरात अशा नावांच्या ओळी आहेत. त्यांच्याकडे आकडेवारी म्हणून पाहण्याऐवजी संहिता म्हणून पाहण्याचे काम अद्याप व्हायचे आहे. ते होईपर्यंत मराठी गोलंदाजाची ओळख परक्यांच्या पत्रांतून आणि शत्रूच्या खलित्यांतून करून घ्यावी लागेल, आणि प्रत्येक वेळी हेही विचारावे लागेल की, हे पत्र कोणाला लिहिले आहे.